गरम इंजिन

शंकाताईने मोटरसायकलच्या इंजिनावर तळवा टेकवला आणि अंगणातल्या गप्पा आपोआप थांबल्या. सकाळ ढगाळ होती. येताना फाटकाची कडीसुद्धा हाताला गार लागली होती, आणि दोरीवरचे कपडे अजून ओलेच होते. इंजिन मात्र गरम होतं.

तिने हात काढून पुन्हा ठेवला. चटका बसेल इतकं नाही, पण कुणीतरी नुकतंच चालवून ठेवलं असावं इतपत गरम होतं.

"धाकट्या, गाडी कुणी चालू केली होती?"

तिचा धाकटा भाऊ फाटकातून आत येतच होता. भाचीसाठी आणलेलं हेल्मेट सैल झालं म्हणून तो सकाळीच बदलायला गेला होता. त्याने गाडीकडे पाहिलं, गाडीच्या खालच्या बाजूला पाहिलं, पायरीवर बसलेल्या आईकडे पाहिलं, आणि मग बहिणीकडे.

"मी नाही," तो म्हणाला.

"मग काय, तिला ताप आलाय?"

वहिनी खुदकन हसली आणि दादाकडे बघून गप्प झाली.

'आधी हात, मग बात' हा बाबांनी घालून दिलेला नियम. जुनी गाडी बघायला गेलं की विकणारा 'या, बसा' म्हणायच्या आत इंजिनाला हात लावायचा. थंड लागलं तर पुढे बोलायचं. गरम लागलं तर समजून जायचं, की आपण यायच्या आधी गड्याने ती चालवून ठेवलीय. सकाळच्या पहिल्या किकला इंजिन जे रडगाणं गातं ते आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. थंड गाडी खरं बोलते आणि गरम गाडी गोड बोलते, असं बाबा म्हणायचे. या घरातली मुलं बाराखडीच्या आधी हे शिकली होती.

शंकाताईने तर त्यावरच पोट भरलं. लोकांना जुन्या गाड्या पारखून देणं हा तिचा धंदा. लहानपणी ती समोर ठेवलेल्या दुधाचासुद्धा वास घेऊन बघायची, तेव्हा भावांनी तिचं नाव 'शंका' ठेवलं, आणि पुढे गिऱ्हाइकांनी त्याला आदराने 'ताई' जोडलं. आज तिची स्वतःची लेक गिऱ्हाईक होती आणि सख्खा भाऊ गाडी देणारा. म्हणून काही ती नियम सोडणार नव्हती. उलट घरच्या मामल्यात माणूस जास्त फसतो, असं तिचं ठाम मत होतं.

लेक गुरांची डॉक्टर झाली होती, म्हणून घरात सगळे तिला डॉक्टरीण म्हणत. उद्या ती नव्या नोकरीवर रुजू होणार होती. गोठ्यांवर जायचे रस्ते दगडधोंड्यांचे, स्कूटरची लहान चाकं तिथे तग धरणारी नव्हती. बाबा गेल्यापासून ही मोटरसायकल धाकट्याच्या वर्कशॉपच्या मागच्या बाजूला झाकून ठेवलेली होती. धाकट्याने ती बाहेर काढून, धुऊन-पुसून, नट नट उघडून पुन्हा बांधली होती. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "द्या की. मला काय करायचीय ती?" आता शंकाताईने हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं. ती नाही म्हणाली तर डॉक्टरीण उद्या बसची वाट बघत उभी राहणार होती, आणि धाकटा पुन्हा एकदा खोटा ठरणार होता.

पुन्हा एकदा म्हणायचं कारण होतं. मिसरूड फुटायच्या वयात धाकट्याने एकदा गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवली होती. बाबांनी ती विकलेली गाडी त्याला गिऱ्हाइकाच्या दारातून ढकलत परत आणायला लावली. त्यानंतर त्याने किती गाड्या प्रामाणिकपणे विकल्या याची आठवण कुणी ठेवली नाही. ती ढकललेली गाडी मात्र घरातल्या प्रत्येक भांडणात यायची.

आजही आली. "सवय कुठे जाते?" दादा म्हणाला. "मी आधीच म्हणत होतो. नवी गाडी घ्या, हमी मिळते, सर्व्हिसिंग मिळतं."

"तुझ्या शोरूममधून," धाकटा म्हणाला.

"माझ्या शोरूममधून घेतली तर काय पाप आहे? निदान इंजिन तरी थंड मिळेल."

शंकाताईने दादाकडेही एक नजर टाकली. हा आल्यापासून जरा जास्तच खुशीत होता. शोरूममधल्या थंडगार खोलीत बसून नव्या गाड्या विकणाऱ्या माणसाला जुनी गाडी खोटी ठरलेली परवडतेच. पण दादा आत्ताच, सगळ्यांच्या देखत गाडीतून उतरला होता. इंजिन गरम करायला तो कधी येणार?

"विकणाऱ्याने बाजूला व्हायचं," ती धाकट्याला म्हणाली. हाही नियमच. "हात लावायचा नाही आता."

"मी विकत नाहीये ताई. देतोय."

"देणाऱ्यानेसुद्धा."

तो हेल्मेटची पिशवी घेऊन आईशेजारी पायरीवर जाऊन बसला.

मग शंकाताईने गाडी बघायला घेतली. आधी खालची जमीन बघितली, किकखाली पडलेली कुणाचीशी एक चप्पल पायाने बाजूला सारली, तेलाचा डाग नव्हता. हँडलच्या मानेखाली, जिथे अपघात झालेल्या गाडीचा सांगाडा वेल्डिंगने जोडून वर रंग फासतात, तिथे बोट फिरवलं. गुळगुळीत होतं. मागच्या दात्यांवरची चेन बोटाने ओढून पाहिली, दाते सोडून ती वर उचलली गेली नाही. पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल हलवलं. पुढच्या दांड्यांवर गंज नव्हता, रबरातून तेल पाझरत नव्हतं. टायर नवे होते. ब्रेक मऊ, पण पक्के होते.

सगळं बरोबर होतं, आणि तिचं तिथेच बिनसलं. सगळं बरोबर असलेली जुनी गाडी तिने आजवर पाहिली नव्हती. क्लचची वायर बघायला ती वाकली तर एका वायरीच्या जोडीला दुसरी वायर पट्टीने चिकटवून ठेवलेली दिसली.

"ही दुसरी कशाला?"

"आडरानात पहिली तुटली तर ही तिथल्या तिथे जोडता येते," धाकटा पायरीवरूनच म्हणाला. "मागच्या पेटीत औषधं राहतील. पेटीला आतून फोम लावलाय, बाटल्या फुटायच्या नाहीत. सीटखाली पंक्चरचं सामान आहे, आणि गुडघ्यांसाठी पुढे गार्ड बसवलंय."

"बघितलंस मामाने किती केलंय?" डॉक्टरीण म्हणाली. धाकट्या मामाचं ऐकून तीही स्वतःच्या आईला, शंकाताईला, ताईच म्हणायची. "ताई, आता पुरे कर ना."

शंकाताईच्या मनात मात्र भलतंच चाललं होतं. जादा वायर का लावली? पहिली तुटणार हे माहीत आहे म्हणून? एवढा साज कशासाठी? दुखणाऱ्या घोड्यावरच भरजरी झूल टाकतात. आपण असा विचार करतोय याची तिला लाज वाटली, पण विचार काही थांबला नाही.

"किक मार," ती दादाला म्हणाली. "ती चालू होण्यात तुझा फायदा नाही, तूच मार."

दादाने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पहिली किक मारली, दुसरी मारली. गाडी नुसती खोकली. दादाने दम घेतला, पुन्हा मारली. पेट्रोलचा वास सुटला. दादाच्या कपाळावर घाम आला, वहिनीने पर्समधून रुमाल काढून दिला, पण गाडी ढिम्म राहिली.

"झालं?" रुमाल परत देत दादा म्हणाला. "गरम असून चालू होत नाही. उद्या पोरगी जंगलात अडकली असती. तोंडावर खोटं बोलतोस धाकट्या, आणि तेही भाचीच्या जिवाशी खेळून."

शंकाताई धाकट्याच्या तोंडाकडे बघत होती. तो आईच्या पायाकडे बघत होता.

"अरे मामा, काहीतरी बोल," डॉक्टरीण म्हणाली. सकाळपासून मामाची बाजू घेणारी तीसुद्धा आता मामापासून जरा लांब सरकून उभी राहिली. शंकाताईने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं नाही. पोरीला आपला रोग लागला, असं तिच्या मनात आलं.

"काय बोलू?" धाकटा म्हणाला. "मी चालू केली नाही, हे सांगून झालं."

आई पायरीवरून उठली. "मी चहा टाकते," म्हणाली आणि उंबऱ्यावर हात टेकत आत गेली. जरा लंगडत गेली.

शंकाताईने पाना मागून घेतला आणि गाडीच्या डाव्या अंगाला उकिडवी बसली. स्पार्क प्लग खोलला. चांगल्या चाललेल्या इंजिनाचा प्लग विटकरी दिसतो. हा काजळीसारखा काळा होता आणि पेट्रोलने ओला. म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त झालं होतं. कार्ब्युरेटर बिघडलाय की काय, म्हणून तिने नजर खाली नेली, आणि तिला चोक दिसला.

चोकची कळ वर ओढलेली होती.

ती तशीच बसून राहिली. चोक सगळ्यात आधी बघायचा असतो. पण आज ती गाडीकडे बघतच नव्हती, भावाच्या तोंडाकडे बघत होती. पारखताना माणसाकडे बघायचं नाही, हे ती जगाला सांगत फिरायची.

थंड इंजिन चालू करायला चोक वर करतात. गाडी जरा तापली की तो खाली पाडायचा, नाहीतर इंजिन पेट्रोल पिऊन पिऊन गुदमरतं आणि बंद पडतं. मग लाख किका मारा. दादा गेली कित्येक वर्षं बटण दाबून गाड्या चालू करतोय, त्याने बघितलं नाही. पण धाकट्याने चोक वर ठेवून गाडी तापवली? झोपेतसुद्धा तो असं करणार नाही. गाडी तापवून फसवायचंच असेल तर माणूस ती पुन्हा चालू होईल अशीच ठेवेल. आणि धाकट्याने तर आल्या आल्या गाडीच्या खालच्या बाजूला पाहिलं होतं. त्याला चोक तेव्हाच दिसला होता.

म्हणजे गाडी अशा कुणीतरी चालू केली होती, ज्याला चोक वर करायचा हे माहीत होतं, पण खाली पाडायचा हे माहीत नव्हतं.

ती पाना तिथेच टाकून स्वयंपाकघरात गेली. आई खिडकीपाशी उभी होती. शेगडीवरचं पाणी उकळून चाललं होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. खिडकीतून अंगण, फाटक आणि रस्त्याचा पार कोपऱ्यापर्यंतचा तुकडा दिसत होता.

"पायाला काय झालं?" शंकाताईने विचारलं.

"पलंगाचा पाय लागला."

शंकाताई खाली वाकली. आईच्या नडगीवर लालनिळा वळ उठला होता, आणि वळाच्या कडेला काळं काहीतरी माखलं होतं. तिने ते बोटाने पुसून आईला दाखवलं.

"पलंगाला कधीपासून वंगण घालायला लागलीस?"

आईने शेगडी बंद केली. बराच वेळ ती कपांच्या जागा बदलत राहिली.

"तो हेल्मेट बदलायला गेला तेवढ्यात चालू केली," ती म्हणाली. "किल्ली इथेच असते खुंटीवर. मला गाडी जायला नको होती."

"मग नको म्हणायचंस. सगळ्यांनी विचारलं होतं तुला."

"नातीला नको म्हणणारी आजी कशी दिसते? त्यांच्या मागे एवढं एकच राहिलंय, ते पण लेकराच्या नोकरीपेक्षा मोठं आहे का, असं म्हणाला असता तुम्ही सगळे. म्हटलं, तू येशील, आधी हात लावशील, गरम लागलं की नाही म्हणशील. नाही म्हणायचं काम या घरात तुझंच आहे ना."

शंकाताईला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आई खोटं बोलत नव्हती. दादासाठी आलेल्या स्थळांना नकार कळवायला शंकाताईलाच पाठवलं होतं. उधार गाडी मागायला आलेल्या पाहुण्यांसमोर हिला उभं केलं होतं. बाबांची नजर अधू झाली आणि आता गाडी चालवू नका असं सांगायची वेळ आली, तेव्हा सगळे आतल्या खोलीत बसले होते आणि किल्ली मागायला हीच बाहेर गेली होती. बाबा त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी बोलले नव्हते. सगळ्यांनी आपापलं 'नाही' हिच्या तोंडात घातलं, आणि वर हिलाच शंका म्हणाले.

"आणि धाकट्यावर आळ येईल, हे सुचलं नाही?"

"त्याला काय, सवय आहे," आई म्हणाली. बोलून गेली आणि मग आपलेच शब्द ऐकल्यासारखी तिने डोळ्यांना पदर लावला.

शंकाताईने तिला स्टुलावर बसवलं आणि ओल्या फडक्याने तिचा पाय पुसला. रागावायचं होतं, पण हातात एवढासा बारीक पाय होता. या पायाने तिने किक मारली होती.

"चालू कशी केलीस गं?"

"बघून. इतकी वर्षं या खिडकीतून बघत होते. ती खालची कळ वर ओढायची आणि मग लाथ मारायची. पहिली लाथ मलाच बसली. मग झाली चालू. जरा वेळ चालली, घरघरली आणि आपली आपण बंद पडली."

"आणि कळ वर ओढल्यावर, चालू झाल्यावर बाबा पुढे काय करायचे?"

"पुढे काय? पुढे जायचे." आईने खिडकीकडे हनुवटी केली. "त्या कोपऱ्यावर पोचले की गाडी हळू करायचे आणि असे डावीकडे वाकून मागे बघायचे. माझ्याकडे. रोज. आमचं भांडण झालेलं असायचं, तोंडाने शब्द नसायचा, तरी कोपऱ्यावर वाकून बघणार म्हणजे बघणार. तेवढ्यासाठी मी इथे उभी राहायची."

शंकाताई फडकं पिळत होती, ती थांबली. लहानपणी ती बाबांच्या पुढ्यात टाकीवर बसून शाळेला जायची. कोपरा आला की बाबा म्हणायचे, "हं, तापली आता." आणि डावीकडे वाकून डाव्या हाताने चोक खाली पाडायचे. एकदाही मागे बघायचे नाहीत. बाबा गाडीवर बसले की मागे बघणाऱ्यातले नव्हतेच.

तिने तोंड उघडलं. गाडीत दोष दिसला की तो बोलून मोकळं व्हायचं, ही तिची आयुष्यभराची सवय. आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"चल बाहेर," शंकाताई म्हणाली. "पण आज हो किंवा नाही, जे काय असेल ते तुझ्या तोंडाने."

अंगणात दादा अजून नव्या स्कूटरचे गुण सांगत होता आणि वहिनी माना डोलावत होती. आई पायरी उतरून सरळ गाडीपाशी गेली.

"गाडी मी तापवली होती," ती म्हणाली.

दादाला हसावं की काय करावं कळेना. "तू? कशाला?"

"माझ्या नवऱ्याची गाडी आहे. मला वाटलं, तापवली. याने काही केलेलं नाही. याला परत कुणी त्या जुन्या गोष्टीवरून बोललात तर मला चालणार नाही."

दादा शर्टाच्या बाह्या खाली करू लागला. शंकाताई धाकट्याकडे वळली.

"तुला माहीत होतं."

"इंजिन गरम, चोक वर आणि आईच्या एकाच पायात चप्पल," धाकटा म्हणाला. "दुसरी किकखाली पडली होती. काय सांगू लोकांना?"

"मला तरी सांगायचंस."

"तू कुठे विचारत होतीस? तुझं ठरलं होतं."

तिने जमिनीवरचा पाना उचलला, प्लगसकट त्याच्या हातात दिला. "घे. तूच पुसून बसव," ती म्हणाली. नियमात हे बसत नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. धाकट्याने प्लग उजेडात धरला, पुसला, फुंकर मारली आणि कामाला लागला. डॉक्टरीण गुपचूप जाऊन त्याच्या शेजारी उकिडवी बसली.

"आई, बोल आता," शंकाताई म्हणाली. "द्यायची का नाही?"

आईने टाकीवरून हात फिरवला. तिला वेळ लागला, आणि या वेळी कुणी तिच्या वतीने बोललं नाही.

"ने तू," ती नातीला म्हणाली. "पण चेनला तेल, ब्रेक, हवा, जे काय बघायचं ते दुसरीकडे कुठे न्यायचं नाही. दर महिन्याला इथेच आणायची."

"महिन्याला कशाला?" दादा म्हणाला. "इतक्या लवकर तर शोरूमवालेसुद्धा..."

"खराब रस्त्यावरच्या गाडीला महिन्यालाच लागतं," शंकाताई म्हणाली, आणि दादा बायकोकडे बघत बसला.

जेवणं उरकेपर्यंत इंजिन गार झालं. शंकाताईने सगळ्यांसमोर पुन्हा तळवा टेकवून पाहिला. थंड होतं. डॉक्टरिणीने हेल्मेट घातलं. धाकट्याने ते दोन्ही हातांनी धरून हलवलं, हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. तिने वाकून चोक वर केला आणि पहिल्याच किकला गाडी चालू झाली. जरासा धूर आला आणि विरून गेला. निळा नव्हता, म्हणजे इंजिन तेल जाळत नव्हतं. शंकाताईने तेवढं बघून घेतलं.

आई अंगणात नव्हती. शंकाताई आत गेली तर ती खिडकीपाशी उभी होती, आपल्या जागेवर. शंकाताई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. कोपऱ्यावर ती हळू झाली. डॉक्टरीण डावीकडे खाली वाकली, तिचा डावा हात क्षणभर दिसेनासा झाला, मग ती सरळ झाली आणि वळणाआड गेली. इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला.

"बघितलंस?" आईने शंकाताईचं मनगट धरलं. "अगदी त्यांच्यासारखं. मागे वळून बघितलं माझ्याकडे."

शंकाताईला चोक खाली पाडल्याचं आवाजावरूनच कळलं होतं.

"हो," ती म्हणाली. "बघितलं."